आणखी किती वाढायचं?

मधे डोळ्याचं ऑपरेशन झालं, त्यामुळे ब्लॉगवर धूळ साचली होती. दोघा-तिघांनी फोन करून "तात्या, लिहिणं बंद केलंत का?" असं विचारलं. बंद नाही केलं, पण डोक्यात एक विषय घोळत होता आणि तो कागदावर नीट उतरत नव्हता. आज जमेल तसा उतरवतो. लांबला तर सांभाळून घ्या.

२०२४ सालच्या ऑक्टोबर महिन्यात आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू म्हणाले की लोकांनी जास्त मुलं जन्माला घालावीत. दोनपेक्षा जास्त मुलं असणाऱ्यांनाच स्थानिक निवडणुका लढवता याव्यात, असा कायदा करण्याचा विचारही त्यांनी बोलून दाखवला. पाठोपाठ तमिळनाडूत स्टॅलिन त्याच सुरात बोलले. डिसेंबरात नागपुरात सरसंघचालक मोहन भागवत यांनी दोनपेक्षा जास्त, म्हणजे तीन मुलं हवीत असं सांगितलं. तिघांचे रस्ते वेगळे, काळजी मात्र एकच. म्हातारे वाढतील, काम करणारे हात कमी पडतील, लोकसभेतल्या जागा कमी होतील.

वाचून मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. आमच्या महाराष्ट्रात १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं तर ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला उभं राहता येत नाही. या एका कलमापायी राज्यात कितीतरी सदस्यांची पदं गेली. आणि तिकडे तिसरं मूल नसेल तर उभं राहू नका म्हणायची तयारी! लाल त्रिकोणाखाली उभं राहून 'हम दो हमारे दो' शिकवण्यात आमच्या पिढीतल्या मास्तरांची हयात गेली. आता तोच फळा पुसून उलटं लिहायचं म्हणतात.

त्या काळाची एक आठवण सांगतो. मी १९७५ साली नोकरीला लागलो. पुढच्याच वर्षी आणीबाणीतला नसबंदीचा हंगाम आला. वरून फतवा निघाला, प्रत्येक मास्तरानं अमुक इतक्या 'केसेस' आणायच्या, नाहीतर पगार अडेल. तेवीस-चोवीस वर्षांचा, बिनलग्नाचा मी, चार पोरांच्या बापाला काय सांगणार? लोक शाळेच्या मास्तरला लांबून बघून उसात शिरायचे. महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तर १९७६ साली सक्तीच्या नसबंदीचं विधेयकही मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही म्हणून ते कायद्यात उतरलं नाही, ते बरंच झालं. माणसाच्या घरात शिरून पोरं मोजणाऱ्या सरकारची मला तेव्हाही चीड होती आणि आज 'आणखी तीन आणा' म्हणणाऱ्यांचीही तितकीच आहे. दोन्हीकडे बाईला कुणी विचारत नाही.

विचारलं होतं ते एकाच माणसानं. रघुनाथ धोंडो कर्वे! त्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यापायी विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी सोडावी लागली, १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं आणि कोर्टाच्या पायऱ्याही चढल्या. त्यांचं म्हणणं असं, की मूल हवं की नको आणि कधी हवं, हे ठरवण्याचा हक्क बाईचा आहे. देशाच्या हिशेबात ते नंतर. हा माणूस आपल्या फार आधी जन्मला, दुसरं काय.

आणि शेवटी झालं काय? २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशाचा प्रजनन दर २.० आणि महाराष्ट्राचा १.७ निघाला. लोकसंख्या आहे तिथे स्थिर राहायला २.१ लागतो. फतव्यांनी जे झालं नाही ते पोरी दहावी-बारावीपर्यंत शिकल्यानं आणि जन्मलेली पोरं जगायला लागल्यानं झालं. आमच्या आईला नऊ बाळंतपणं झाली, त्यातली पाच जगली. माझ्या सुनेला एक मुलगी, आणि दुसरं नको हे तिनंच ठरवलं. (सूनबाई हा ब्लॉग वाचतात. त्यांची परवानगी घेऊनच हे वाक्य टाकलंय.) तरुण माणसं अजून पुष्कळ असल्यामुळे एकूण आकडा काही वर्षं वाढत राहील, पण पाळण्याच्या बाजूनं ही गाडी मंदावली आहे हे नक्की. वाडीवस्तीवरच्या शाळांकडे बघा. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचं करायचं काय, हा राज्यापुढचा प्रश्न आहे. मी पहिलीच्या वर्गाला खाली बसवायला सतरंजी पुरत नाही म्हणून भांडलेला माणूस! आता पट भरत नाही म्हणून मास्तर दारोदार फिरतात.

या घसरणीतली एक गोष्ट मात्र लाजेची आहे. पोरं कमी हवीत म्हणताना कित्येकांनी पोरीच कमी केल्या. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्न न जमलेली पोरं मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर गेली होती. लोक हसले. मला हसू आलं नाही, कारण त्यातल्या प्रत्येकासारखा एकेक तरी आमच्या प्रत्येक भावकीत बसलेला आहे.

असो. तर सांगायचा मुद्दा असा की माणसं वाढायची थांबत आली, मग आता निवांत व्हायला हवं होतं. पण इथे आमच्या लासुर्ण्यात, बारामती-इंदापूर रस्त्याच्या कडेला बसून बघतो तर तहान काही थांबत नाही. उलट घरटी माणसं कमी आणि घरटी मोटारी जास्त. (पाण्याच्या आणि चारचाकी, दोन्ही.)

पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी शंभर वर्षांपूर्वी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाचा घरोघर फिरून अभ्यास केला होता. १९१७ साली तो छापून आला. त्यात त्यांनी दाखवलं की १७७१ साली त्या गावात सरासरी धारणक्षेत्र ४० एकर होतं आणि १९१४-१५ पर्यंत ते ७ एकरांवर आलं. माणसं वाढली, जमिनीच्या चिंध्या झाल्या. आज त्याच पिंपळे सौदागरात कुणी एकर विचारत नाही, चौरस फूट विचारतात. दोन पोरांच्या चौकोनी कुटुंबांचे पंधरा-पंधरा मजल्यांचे टॉवर उभे आहेत आणि उन्हाळ्यात खाली पाण्याचे टँकर उभे असतात. म्हणजे गर्दी नुसत्या बाळंतपणांनी होत नाही.

आमच्या घरचा हिशेब सांगायचा तर आजोबांची जमीन २७ एकर. त्यांना तीन मुलगे, म्हणून वडलांच्या वाट्याला नऊ. आम्ही दोघे भाऊ, साडेचार-साडेचार. (बहिणींनी हक्कसोड लिहून दिलं. त्यावर वेगळा लेख होईल, आणि त्या दोघी तो आवडीनं वाचतील!) आता कुणालाच फार पोरं नाहीत, त्यामुळे वाटण्या थांबल्या. पण साडेचार एकरातून निघायला हवी ती रक्कम मात्र आजोबांच्या २७ एकरांपेक्षा मोठी आहे. पोराची इंजिनिअरिंगची फी, बंगला, ट्रॅक्टरचा हप्ता, लग्नाचं मंगल कार्यालय. ती काढायची कशातून? उसातून. आणि ऊस वाढवायचा कशावर? पाण्यावर.

नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला, वर भाटघरच्या धरणाच्या जिवावर. १८७६-७७ च्या दुष्काळानं दख्खन उजाड केलं होतं, त्यानंतरची ही कामं. दुष्काळात जास्तीत जास्त गावांची ज्वारी-बाजरी वाचावी, हा मूळ उद्देश. पाणी आलं, त्यामागून ऊस आला, आणि इंग्रजांच्या लक्षात आलं की थोडे जण सगळं पाणी पिऊन टाकतायत आणि जमिनी खराब होतायत. तेव्हा १९०३ च्या सुमारास विश्वेश्वरय्यांनी याच कालव्यावर 'ब्लॉक' पद्धत आणली. एका ब्लॉकमधल्या तिसऱ्या हिश्श्यातच ऊस, बाकीच्यात दुसरी पिकं, आणि ऊस फिरता ठेवायचा. आमची जुनी माणसं अजून 'उसाचा ब्लॉक' असा शब्द वापरतात, पण तो शब्द मुळात मर्यादेचा होता हे कुणाला आठवत नाही. मग १९३० च्या दशकात शेजारी कळंबच्या माळावर वालचंद हिराचंदांचं वालचंदनगर उभं राहिलं, पुढे सहकारी कारखाने आले, आणि ब्लॉकच्या रेषा केव्हाच पुसल्या गेल्या.

इथे माझ्यावर कुणी उपटसुंभ असल्याचा आरोप करू नये म्हणून आधीच सांगतो, मी उसाचंच अन्न खाल्लंय. माझ्या बी.ए.ची फी उसाच्या बिलातून भरली गेली. १९७२ च्या दुष्काळात तालुक्याच्या जिरायती भागातले माझ्याबरोबरचे पोरगे खडी फोडायला गेले आणि सुकडी खाऊन राहिले, मी मात्र कॉलेजच्या बाकावर होतो. फरक फक्त कालव्याचा. ज्याच्या पोटात काही नाही त्याला वाढ हवीच, हे सांगायला मला पुस्तक नको. (गंमत म्हणजे त्याच १९७२ साली अमेरिकेत 'लिमिट्स टू ग्रोथ' नावाचं पुस्तक निघालं. संगणकावर हिशेब मांडून त्यांनी सांगितलं होतं की मर्यादित पृथ्वीवर वाढ अमर्याद चालणार नाही. आम्ही त्या वर्षी मिलो ज्वारीच्या रांगेत होतो. आम्हाला कुठली मर्यादा कुणी शिकवायची गरज नव्हती!)

पण पोट भरल्यावरही तेच चाक फिरत राहतं, त्याचं काय? आमच्या वाट्यातली कालव्याकडची अडीच एकर आज चोपण झाली आहे. आधी पाणी लागलं, मग वर पांढरी खार फुटली. वडलांच्या हयातीत तिथे आडसाली ऊस माणसाच्या डोक्यावर जायचा. आता बाभळीही खुरट्या राहतात. एकीकडे जास्त पाण्यानं मेलेली जमीन आणि त्याच गटात दुसऱ्या टोकाला पाण्यासाठी पाडलेली बोअर! पहिली आम्ही १९८४ साली पाडली, १६० फुटांना पाणी लागलं. तिसरी सव्वापाचशेला. माझा पुतण्या आता चौथी पाडू म्हणतो, सातशे फूट.

राज्याच्या लागवडीखालच्या जमिनीत उसाचा हिस्सा चार टक्क्यांच्या आसपास, आणि सिंचनाच्या पाण्यातला हिस्सा सत्तर टक्क्यांच्या आसपास धरला जातो. पूर्वी हजार-सव्वा हजार टन रोज गाळणारा कारखाना मोठा वाटायचा. मग ज्यानं त्यानं गाळप क्षमता वाढवली, कर्जं काढली. महाराष्ट्रात २०२३-२४ ला ११० लाख टनांच्या घरात साखर झाली, पुढच्या २०२४-२५ ला ऐंशी लाखांवर आली आणि सरासरी हंगाम शंभर दिवससुद्धा चालला नाही. पाऊस कमी पडला की इतकी मोठी यंत्रं उभी राहतात, पण कर्जाचे हप्ते उभे राहत नाहीत. मग काय करायचं? तर आणखी ऊस लावा, म्हणजे यंत्र चालेल.

आणि पाण्याच्या भांडणाचं टोक २०२१ च्या उन्हाळ्यात पाहिलं. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येतं. त्यातलं पाच टीएमसी पाणी इंदापूर तालुक्याला द्यायचा आदेश निघाला. सोलापूर जिल्हा पेटला, आंदोलनं झाली, आदेश महिन्याभरात रद्द झाला. कोण बरोबर यात मी पडत नाही, दोन्ही बाजूंना माझे नातेवाईक आहेत. पण विचार करा, दोन जिल्हे कशावरून भांडले? एका शहराच्या मोरीतून वाहून आलेल्या पाण्यावरून! २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेली आणि पळसदेवचं पाण्याखालचं जुनं देऊळ उघडं पडलं, तेव्हा लोक गाड्या काढून फोटो काढायला गेले.

माझा नातू (बहिणीचा, हिंजवडीत नोकरीला) दिवाळीत आला होता. त्याच्याशी या विषयावर दोन तास वाजलं. तो म्हणाला, "आबा, ग्रोथ थांबली तर आमचे पगार थांबतील. आणि सॉफ्टवेअर काय पाणी पितं?" मी त्याला चक्रवाढ व्याजाचं गणित घातलं. ७२ ला दरानं भागायचं, म्हणजे दुप्पट व्हायला लागणारी वर्षं. सात टक्के वाढ म्हणजे साधारण दहा वर्षांत दुप्पट, सत्तर वर्षांत १२८ पट. माझ्या वयाला माझ्या जन्माच्या १२८ पट. त्यानंतरच्या सत्तर वर्षांत पुन्हा १२८ पट, म्हणजे सोळा हजारांच्या वर. यातला निम्मा भाग हवेतला, पडद्यावरचा धरला तरी उरलेल्याला कुठली ना कुठली नदी, कुठला ना कुठला डोंगर लागणारच. तो हसला, म्हणाला, तोपर्यंत टेक्नॉलॉजी येईल.

टेक्नॉलॉजीला माझा विरोध नाही. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात कृत्रिम बुद्धिमत्तेवर ऊस घेतायत, कमी पाण्यात जास्त टन, मी स्वतः बघून आलो, थक्क झालो. पण ठिबकाच्या वेळी काय झालं ते मी याच डोळ्यांनी (ऑपरेशनच्या आधीच्या) पाहिलंय. ठिबकानं पाणी वाचलं, आणि वाचलेल्या पाण्यावर प्रत्येकानं आणखी अर्धा-एक एकर लागण केली. विहीर तिथल्या तिथे कोरडी. वाचलेलं पाणी राखून ठेवायचं असा नियमच कुठे नव्हता, मग ते राहील कसं?

नातवाचा एक मुद्दा मात्र मला खोडता आला नाही. तो म्हणाला, "तुमचं झालं म्हणून तुम्ही थांबा म्हणता. तोडीला येणाऱ्यांना कुठल्या तोंडानं सांगाल?" खरं आहे. बीडकडची टोळी दरवर्षी आमच्या बांधावर कोप्या टाकते. पहाटे चारला बाया कोयता घेऊन बाहेर पडतात, पोरं पाचटावर झोपलेली. त्या बाईला पक्कं घर, तिच्या पोरीला बारा महिने शाळा, हे सगळं वाढायलाच हवं. पण इतकी वर्षं कारखाने वाढले, साखर वाढली, आमचे बंगले वाढले, तिची कोपी मात्र तेवढीच राहिली. तेव्हा तिचं नाव पुढे करून आम्ही चौथी बोअर पाडू नये, एवढं तरी मी म्हणू शकतो.

मग करायचं काय? उत्तर फार लांब नाही, पुरंदर तालुक्यातल्या नायगावला आहे. विलासराव साळुंखे या पुण्याच्या इंजिनिअर-उद्योजकानं तिथे १९७४ साली पाणी पंचायत सुरू केली. पाणी जमिनीच्या हिशेबानं द्यायचं नाही, माणशी द्यायचं. माणशी अर्ध्या एकरापुरतं, आणि कुटुंब कितीही मोठं असलं तरी अडीच एकरांच्या वर नाही. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तरी पाणी विकता येणार नाही. ऊस बंद. मी १९८० च्या दशकात शिक्षकांच्या सहलीबरोबर तिथे गेलो होतो. त्या अडीच एकरांच्या अटीत मला फार शहाणपण वाटतं. पोरं वाढवली म्हणून पाणी वाढत नाही आणि पैसा वाढवला म्हणूनही वाढत नाही. नगरकडच्या हिवरे बाजारनंही शेतीसाठी बोअर बंद केली, ऊस-केळी बंद केली, आणि दरवर्षी पावसाचं माप घेऊन गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडतात. पाणी कमी तर पिकं कमी. दोन्ही गावं कोरडी होती म्हणून शहाणी झाली, असं पुतण्या म्हणतो. आपल्याला कालवा आहे. मी म्हटलं, कालवा आहे म्हणून तर सातशे फुटांचं नाव निघायला नको होतं.

आमच्या गावातला सगळा ऊस उद्या बंद करा असं मी म्हणत नाही. कुणी ऐकणारही नाही, आणि जे कर्जात आहेत ते मरतील. माझं मागणं लहान आहे. गावातल्या सगळ्या बोअर आणि विहिरी मोजाव्यात, पाणीपातळी मे महिन्यात आणि दिवाळीत फळ्यावर लिहावी, आणि तीन वर्षं नवी बोअर कुणीही पाडू नये. सरपंचानं नाही आणि माझ्या पुतण्यानंही नाही. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा असा अर्ज मी ग्रामपंचायतीत दिला आहे, पोच घेतली आहे. ग्रामसेवक म्हणाले, "तात्या, यावर भांडणं होतील." होऊ देत.

दरम्यान बोअरच्या गाडीवाल्याशी पुतण्याचं बोलणं झालंय असं कळतं. जमीन सामाईक आहे, सातबाऱ्यावर सात नावं आहेत, त्यातली चार हा ब्लॉग वाचतात. पुण्यातल्या दोघांनी आणि नाशिकच्या ताईनं निदान फोन करावा. मी सही केलेली नाही.